हुंकार

आमच्या बीडच्या ऑफिसातला बिभीषण कुणाला "कसा आहेस?" असं विचारत नाही. "लोड किती?" असं विचारतो. परवा पुण्याहून एक जाडजूड गिऱ्हाईक आलं, त्यालाही यानं तेच विचारलं. ते बिचारं ओशाळून म्हणालं, "डॉक्टरांनी कमी करायला सांगितलाय." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आम्ही दूध डेअऱ्यांसाठी ॲप चालवतो. त्याची तब्येत सांभाळणं हे बिभीषणचं काम. किती लोक वापरतात, उत्तर यायला किती वेळ लागतो, चुका किती होतात, याचे आलेख तो दिवसभर न्याहाळत असतो. सर्व्हर ठरल्या वेळी 'मी जिवंत आहे' असा इशारा पाठवतो, त्याला हा 'हुंकार' म्हणतो. "चुकीला भ्यायचं न्हाई बे. गोष्ट ऐकणारा हुंकार द्यायचा थांबला, की भ्यायचं."

माझ्या बहिणीच्या लग्नात, पाटोद्याला, हा भर पंगतीत ओरडला, "वरणाचा रिस्पॉन्स लई स्लो हाय! वाढपी वाढवा!" व्याही माझ्याकडे बघत होते आणि मी ताटाकडे.

त्याचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत. रोज संध्याकाळी आईचा मिस कॉल येतो. एकदा वाजतो आणि बंद होतो. हा उचलत नाही, उलट लावतही नाही.

"अरे, बोलणं आता फुकट झालंय," मी एकदा म्हणालो.

"बोलली की रडती. मंग कोयता धरवत न्हाई तिला. वाजला म्हंजी बरी हाय."

मला तो नुसता हेकटपणा वाटला. काल हा चहाला गेलेला असताना टेबलावर राहिलेला त्याचा फोन वाजला, पडद्यावर 'माय'. म्हटलं, हा दगड तर बोलत नाही, निदान आपण तरी माउलीशी दोन शब्द बोलावेत. पहिल्याच रिंगला उचलला.

"उचललास कावून? काय झालं रे?"

"मी बिभीषणचा मित्र..." एवढंच म्हणालो आणि तिनं हंबरडा फोडला. मुलाचा फोन परक्यानं उचलला की आईच्या मनात काय येतं, हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात बिभीषण आला. त्यानं फोन हिसकावून घेतला. "माय, मी हाय. मला काय झालं न्हाई. धडधाकट हाय." मग घाईघाईनं म्हणाला, "ठेव आता. आन् परत वाजव एकदा."

त्यानं माझ्याकडे पाठ फिरवली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. शरमेनं मला मान वर करवेना.

फोन वाजला. या खेपेला मायनं तो कापलाच नाही. वाजतच राहिला, आणि बिभीषण तो हातात धरून, न उचलता, शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.