उपाध्यांचा आवाज, आवटींची गाडी

सोमवारी सकाळी प्रभाकर आवटी यांच्या गाडीतल्या स्टिरिओने त्यांच्या प्लेअरशी असलेली जोडणी मोडली आणि वरच्या मजल्यावरच्या उपाध्यांच्या प्लेअरशी जुळवून घेतलं.

आवटींच्या प्लेअरमध्ये त्यांनी स्वतः गायलेली एकवीस भावगीतं होती. उपाध्यांच्या प्लेअरमध्ये उपाध्यांनी गायलेली. सांगलीतल्या त्या सोसायटीत गाणारे हे दोघंच, आणि गणपतीत टाळ्या कुणाला जास्त पडल्या हे आवटींना वर्षभर पुरायचं. आता गाडी सुरू केली की उपाध्ये गायला लागत. त्यांचा प्लेअर वर कपाटात, मध्ये ना वायर ना काही, तरी पार मिरजेपर्यंत सूर हलत नसे.

आवटींनी मेकॅनिक आणला. त्याने स्टिरिओला कान लावला. "बिघाड नाही, काका. मर्जीचा मामला आहे. जोडणी कार्यालयात अर्ज करा."

कार्यालयातल्या बाई फाईल घेऊन गाडीत बसल्या आणि त्यांनी स्टिरिओचा रीतसर जबाब घेतला.

"आवटींविरुद्ध तक्रार आहे?"

"नाही. माणूस चांगला आहे. काचा रोज पुसतो."

"मग?"

"उपाध्यांचा वरचा सा लागतो."

"आणि माझा?" आवटींनी विचारलं.

"तिथे तुम्ही खोकता."

बाईंनी तेही लिहून घेतलं. अर्ज नामंजूर झाला.

आवटी उपाध्यांच्या चुका शोधायला म्हणून रोज गाडी काढू लागले. नऊ दिवसांत एकही सापडली नाही. त्यांना जेवण जाईना.

दहाव्या दिवशी उपाध्ये खाली आले. चेहरा उतरलेला. "आवटी, माझा प्लेअर घरात मुका झालाय. हिला एक गाणं ऐकवायला गेलो, तर हूं नाही की चूं नाही. गातो तो फक्त तुमच्या गाडीत. आवाज माझा, आणि रोज ऐकता तुम्ही!"

कितीतरी दिवसांनी आवटींना बरं वाटलं. "रोज," ते म्हणाले. "जाताना आणि येतानाही."

"मला एकदा ऐकू द्या."

उपाध्यांनी पुढच्या दाराला हात घातला.

"पुढे नको. मागे बसा."

उपाध्ये निमूट मागे बसले. आवटींनी गाडी सुरू केली. स्टिरिओने पुढचे दोन्ही स्पीकर बंद केले आणि मागचे लावले.

आवटी मान मागे झुकवून, कान देऊन, मिरजेच्या रस्त्याला लागले.