अनाहुत वलय

"देवळातच पोरं, देवळातच खिचडी, आन् देवळातच शी-शू. देवानं तरी किती सोसायचं?" तांदूळ निवडता निवडता बेबी स्वतःशीच पुटपुटली.

निपाणीकडच्या एका वाडीत ती अंगणवाडीची ताई. पोरांना खोली मिळावी म्हणून तिनं तालुक्याच्या कचेरीत चपला झिजवल्या होत्या. शेवटी खोली मंजूर झाली ती ओढ्याकाठच्या गायरानात. ओढ्याच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र, आणि तिकडच्या अगदी काठाला एका शीतगृहाची अमोनियाची टाकी. वारा इकडं फिरला की डोळे चुरचुरत. पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. बोललं तर खोली जायची.

एक दिवस बेळगावहून नगररचनेच्या नागेंद्रसाहेबांचा फोन पंचायतीचे अध्यक्ष मारुतीराव यांना आला. साहेबांचं मराठी कामापुरतं, अध्यक्षांचं कानडी बाजारापुरतं. "जागा अनाहुत वलयात येते. महाराष्ट्राच्या साहेबांशी बोलायला पाहिजे," साहेब म्हणाले.

मारुतीराव विचारात पडले. अनाहूत म्हणजे न बोलावलेले. पलीकडच्या साहेबांना आवतण गेलं नाही, ते रुसले असणार. दोष आपलाच. त्यांनी लगोलग दोन्ही राज्यांच्या साहेबांना बोलावलं, भूमिपूजन ठरवलं, टाकीसमोरच मांडव घातला, फेटे आणि कुंदा मागवला.

दोन्ही साहेब आले. फेटे बांधून झाल्यावर नकाशे उघडले. पलीकडच्या साहेबांच्या नकाशात टाकीभोवती धोक्याचं वर्तुळ होतं, पण ओढ्यापाशी ते कापलेलं. पुढं आमची हद्द नाही, असं ते नम्रपणे म्हणाले. नागेंद्रसाहेबांच्या नकाशात ओढ्यापलीकडं कोरा कागद. टाकी आहे हे त्यांना पाहणीच्या वेळी डोळ्यांनीच सांगितलं होतं, पण डोळ्यांची आग नकाशात कशी दाखवणार? दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी अर्धं वर्तुळ अर्धंच राहिलं.

तेवढ्यात वारा फिरला. मांडवातल्या सगळ्यांचे डोळे भरून आले. दोन राज्यं एका मांडवात बसलेली बघून साहेब लोक गहिवरले, असं वाटून मारुतीरावांनीही उपरण्यानं डोळे पुसले.

फोनवरचा तो शब्द मारुतीरावांकडून बेबीच्याही कानावर आला होता. कुंद्याची वाटी देताना तिनं नागेंद्रसाहेबांना हळूच विचारलं, "अनाहुत म्हंजे कानडीत काय वो, साहेब?"

"मोठा अपघात, ताई. घात."

"मग सांगत का न्हाईसा?"

साहेबांनी फेट्याला हात लावला. "एवढा मान दिल्यावर कसं सांगू?"

मारुतीरावांनी पहिली कुदळ मोठ्या मानानं बेबीच्या हातात दिली. समोर पोरं स्वागतगीत म्हणत होती. एक ओळ गाणं, एक ओळ खोकला. सगळे जमिनीकडं बघत होते. ज्या खोलीची तिनं एवढी वाट पाहिली, ती आता एका घावावर आली होती.

बेबीनं कुदळ खाली ठेवली.

"आप्पा, मला खोली पायजे. लई पायजे," ती मारुतीरावांना म्हणाली. "पर हितं न्हाय. हितं माझी पोरं मरतील."