नव्या मॉडेलची आतली खबर

मोटरसायकल कंपन्यांवर विश्वजितचा मनापासून राग होता. माणसानं हौसेनं गाडी घ्यायची आणि महिन्याभरात यांनी त्याच गाडीला नवा मीटर न् नवे दिवे लावून शेजाऱ्याला विकायची, ही सरळसरळ फसवणूक आहे, असं तो जेवताना, दाढी करताना आणि (बायको सांगते) झोपेतही बोलायचा. दसऱ्यासाठी काळी गाडी बुक केली खरी, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात मोटरसायकलींचे आणि इतर यंत्रांचे सुटे भाग तपासायचा. दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्याच्या टेबलावर एक वेगळाच ब्रॅकेट आला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘न्यू मॉडेल’. झालं. गड्यानं कुणाला काही विचारलं नाही, घरी आला तो तरंगतच.

"नीरजा, बुकिंग कॅन्सल. नवं मॉडेल येतंय, आतली खबर आहे."

"अहो, तीन वर्षं थांबलोय. दसऱ्याला गाडीवर पडेगावला आईकडं न्यायचं कबूल केलंय तुम्ही."

"जुन्या मॉडेलवर? लोक हसतील."

"मी रिक्षानं जाते तेव्हा हसत नाहीत व्हय?"

पण विश्वजित कुणाचं ऐकतो! बुकिंग रद्द झालं. दसऱ्याला सकाळी खाली येतो तर तीच काळी गाडी हार घालून उभी. वरच्या मजल्यावरचा अभय, त्याच कारखान्यातला, हात जोडून म्हणाला, "तुमच्यामुळं मिळाली बघा. नायतर लई वेटिंग होतं."

विश्वजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. (पेढा मात्र त्यानं खाल्ला. पेढ्याचा काय दोष?) वर दुसऱ्या दिवसापासून अभयनं त्याला मागं बसवून कामावर न्यायला सुरुवात केली. चार महिने विश्वजित दोघांचे डबे मांडीवर धरून त्या गाडीला नावं ठेवत गेला.

शेवटी न राहवून त्यानं कारखान्यातल्या साहेबीणबाईंना, म्हणजे रूपा मॅडमना विचारलं, "मॅडम, त्या ब्रॅकेटची गाडी बाजारात कधी येतीय?"

"गाडी कसली? तो घरघंटीचा आहे."

"मग कागदावर न्यू मॉडेल कशाला लिहायचं?"

"घरघंटीला मॉडेल नसतं का?"

पीठ दळायच्या यंत्राला मॉडेल! विश्वजित रागानं नुसता फणफणत शोरूमला गेला. तिथला पोरगा नम्रपणे म्हणाला, "सर, ते मॉडेल बंद झालं. पुढच्या महिन्यात नवं येतंय."

"मला नवं नको, जुनंच पाहिजे," असं म्हणून विश्वजितनं अर्धा तास भांडण केलं. बाकीची गिऱ्हाइकं त्याच्याकडं बघत राहिली.

अखेर अभयनंच मार्ग काढला. "मी नवं मॉडेल बुक केलंय. माझी ही घ्या की." अशा रीतीनं विश्वजितनं स्वतःच रद्द केलेली गाडी दोन ओरखड्यांसकट विकत घेतली. नीरजानं गाडीला हळदकुंकू वाहिलं, दोन्ही ओरखड्यांना वेगळं बोट लावलं. त्याला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी एकदाची पुढं बसली. अभय मागं बसला, कारण त्याची नवी गाडी यायची होती. विश्वजितनं छाती काढून कारखान्याच्या गेटपाशी ब्रेक लावला. वॉचमननं आधी गाडीकडं बघितलं, मग पुढच्याकडं, मग मागच्याला कडक सलाम ठोकला.

"काय अभयसाहेब, डायवर ठेवला व्हय?"