सगुणा टिटवी आणि वडावरचे पोपट

एका जंगलात, मुलांनो, राजा होता, नदी होती, नदीत मगर होती, आणि तरीही सगळ्यांचं बरं चाललं होतं.

नदीला दोन उतार होते. एक जांभळीचा आणि एक दगडी. मगर एकच होती. ती ज्या उताराला असेल तो सोडायचा आणि दुसऱ्या उताराला पाणी प्यायचं, एवढाच तिथला कायदा. मगर कुठे आहे हे सगुणा टिटवीला ठाऊक असे. ती काठच्या रेतीतच राहायची, आणि रेतीत अंडी घालणाऱ्या बाईला मगरीवर नजर ठेवावीच लागते. येईल तो तिला विचारी, ती सांगे, तो पाणी पिऊन जाई.

मग शहरात राहून आलेला एक तरस राजाच्या पदरी लागला.

पहिल्याच दरबारात त्याने राजाला सांगितलं, की हा तोंडी कारभार मागासलेपणाचा आहे. कुणी टिटवीला विचारतं, कुणी विसरतं, धरबंद कशाला नाही. वाघोबा महाराजांना आजवर यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण मागासलेपणा हा शब्द कानावर पडल्यावर दिसू लागलं.

नदीपासून जरा आत एक थोरला वड होता. तरसाने त्याचं नाव सर्व्हर ठेवलं. वडाला तीन ढोल्या होत्या, त्यांना तो ॲप्लिकेशन म्हणू लागला. एक ढोली हरणांची, एक वानरांची, एक रानडुकरांची. ज्याने त्याने आपल्याच ढोलीशी यायचं आणि तिथेच विचारायचं. दुसऱ्याच्या ढोलीत डोकावायला सक्त मनाई, कारण डोकावण्यातून भांडणं होतात. एवढं मात्र तो खरं बोलला.

ढोलीत बसून उत्तरं द्यायची पोपटाने. त्यासाठी तरसाने एक पोथी लिहिली होती. पोथीला तो क्लास म्हणे. पोपटाने कसं बसावं, मान किती वाकडी करावी, उत्तर कोणत्या सुरात द्यावं, सगळं त्यात होतं. शेवटच्या पानावर दोन नियम होते. कुणी काही सांगेपर्यंत ‘मगर आढळली नाही’ असं म्हणावं. आणि कुणी काही सांगितलं की आधीचं विसरून तेवढंच लक्षात ठेवावं.

प्रत्येक ढोलीवर एक धनेश पक्षी नेमला गेला. हुद्दा लोडर. काम असं, की पोथी वाचायची, तिच्याबरहुकूम पोपट तयार करायचा आणि कुणी विचारायला आलं की त्याला ढोलीच्या तोंडाशी आणून बसवायचं. तीन लोडरांनी तीन पोपट तयार केले. तिघांचा हिरवा रंग तोच, गळ्यातली पट्टी तीच, मानेचा बाक तोच. पोथीत नावही एकच होतं, त्यामुळे तिघांचं नाव माहितगार.

सगुणाला हुकूम झाला, की रोज सकाळी वडावर जाऊन माहितगाराला मगरीचा ठावठिकाणा सांगायचा. ती आनंदाने तयार झाली. सरकारी काम मिळालं की कुणालाही जरा उंच उडावंसं वाटतं.

हरणांची ढोली सगळ्यात खाली होती. सगुणा तिथे गेली, माहितगाराला म्हणाली, आज मगर जांभळीच्या उताराला आहे. पोपटाने मान वाकडी करून ऐकून घेतलं. परत निघताना तिला तोच पोपट वानरांच्या ढोलीत दिसला, आणि पलीकडे रानडुकरांच्याही. तिला मोठं कौतुक वाटलं. केवढा चपळ गडी, एका निरोपासाठी तिन्ही दारं फिरतो.

पाचव्या दिवशी भागा रानडुकरीण पाण्याला निघाली. भागा ही सगुणाची जुनी मैत्रीण. पूर्वी ती सरळ नदीवर येई, सगुणाशी घटकाभर बोले, मग पाणी पिई. पण आता नियम होता, म्हणून ती वडाकडून आली. तिच्या ढोलीतल्या माहितगाराने गोड सुरात सांगितलं, मगर आढळली नाही. भागा निर्धास्तपणे जांभळीच्या उताराला उतरली, आणि मगरीला आढळली.

जीव वाचला. शेपूट गेलं.

सगुणा धावत आली तेव्हा भागा झुडपात पाठ टेकवून बसली होती. ‘मी सांगितलं होतं गं,’ सगुणा म्हणाली. ‘रोज सांगते.’

‘मला नाही सांगितलंस,’ भागा म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.

दरबारात चौकशी झाली. हरणांच्या पोपटाने साक्ष दिली, की टिटवीने जांभळीचा उतार सांगितला होता. रानडुकरांच्या पोपटाने साक्ष दिली, की त्याला कुणी काहीही सांगितलेलं नाही. दोघे शेजारी शेजारी बसले तेव्हा सगुणाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला इतकी लाज वाटली, की पाय पोटाशी घेऊन बसावंसं वाटलं.

ती राजाला म्हणाली, ‘महाराज, पोथी एक आहे, पण पोपट तीन आहेत. मी जे सांगते ते पोथीत जात नाही, पोपटाच्या डोक्यात राहतं. एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याला कसं कळणार?’

तरस म्हणाला की हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. तिन्ही पोपटांना सांगायचं, हे टिटवीने समजून घ्यायला हवं होतं. सगुणाने ते कबूल केलं आणि विनंती केली, की उद्यापासून तिन्ही ढोल्यांत जाऊन सांगते. पण इतक्या सोप्या उपायाने शहरातून आलेल्या माणसाची, म्हणजे तरसाची, अब्रू राहत नाही. त्याने नवी योजना मांडली. वडाच्या शेंड्याजवळच्या फांदीवर एकच सामायिक माहितगार बसवायचा. तिन्ही लोडरांनी त्यालाच आणून आपापल्या दाराशी दाखवायचं. एक पोपट, एक डोकं, एक उत्तर. ढोल्यांतले जुने पोपट सोडून द्यायचे.

राजाने मान डोलावली. सामायिक हा शब्द त्याला आवडला.

हरणांनी आपला पोपट सोडला. वानरांनीही सोडला. रानडुकरांकडे मात्र गडबड झाली, आणि त्याला कारण भागा.

भागाचा त्या पोपटावर राग होता. त्याला असंच उडून जाऊ द्यायला ती तयार नव्हती. तिने त्याला ढोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवून घेतलं, आणि रोज सकाळी ती त्याच्यासमोर उभी राहून त्याला फैलावर घ्यायची. मगर जांभळीच्या उताराला आहे, समजलं का? जांभळीच्या उताराला. कुठे आहे? पोपट निमूटपणे सांगायचा, मगर जांभळीच्या उताराला आहे. मग भागाला जरा बरं वाटायचं.

आता रानडुकरांचा लोडर पडला नियमाचा पक्का. नव्या योजनेतला नियम असा, की पोपट आधी घरात बघावा, घरात नसेल तरच वर जावं. त्याने घरात पाहिलं, पोपट होता. मग तो वर कशाला जाईल? त्यामुळे सगळं जंगल सामायिक पोपटाला विचारी, आणि रानडुकरं, न जाणता, भागाच्या पोपटाला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसत.

सगुणा रोज सकाळी शेंड्याच्या फांदीवर जाऊन एकदाच सांगू लागली. काम हलकं झालं, पण मन हलकं झालं नाही, कारण भागा बोलत नव्हती. मगरीला जांभळीच्या उतारावर शेपटाची चव लागली होती, त्यामुळे तीही तिथून हलत नव्हती. सगळे दगडी उताराला पाणी पीत होते.

याचा वानरांना त्रास होऊ लागला. दगडी उतारावरच्या गुळगुळीत खडकांवरून घसरगुंडी खेळणं हा त्यांचा पिढीजात छंद. हरणांच्या कळपाने सगळा चिखल करून ठेवला. मग वानरांच्या मुकादमाला, गणूला, एक युक्ती सुचली. तो आपल्या ढोलीशी गेला. लोडरने सामायिक पोपट आणून बसवला. गणू त्याला म्हणाला, मगर दगडी उताराला आहे.

माहितगाराने मान वाकडी केली, सगुणाचं विसरला, आणि गणूचं लक्षात ठेवलं.

गणूचा बेत असा, की हरणं त्या दिवसापुरती तरी दगडी उताराकडे फिरकणार नाहीत. बेत चांगला होता. फक्त त्याने तो आपल्या लोकांना सांगितला नाही. दुपारी वानरांची सगळी बायकामुलं ढोलीशी गेली, मगर दगडी उताराला आहे असं ऐकून आली, आणि जांभळीकडे निघाली. त्यांत गणूची सासूही होती.

सगुणाने रेतीतून पाहिलं. एका बाजूने हरणांचा कळप येत होता, पुढे हैबतराव चितळ शिंगं उंचावून. दुसऱ्या बाजूने वानरं. जांभळीच्या सावलीत पाण्यावर दोन डोळे तरंगत होते.

ती उडाली आणि सर्वांच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली.

हैबतराव थांबले. ते शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी तिला समजावलं, की सामायिक पोपटाने स्वच्छ सांगितलं आहे, मगर दगडी उताराला आहे. आणि पोपटाला तर तूच सांगतेस.

‘मी जांभळीचा उतार सांगितला होता,’ सगुणा म्हणाली.

‘पोपट तसं म्हणत नाही,’ हैबतराव म्हणाले, आणि पाणी प्यायला वाकले.

पुढे काय झालं ते फार पटकन झालं. पाणी फुटलं, मगरीने जबडा मिटला, आणि त्यात हैबतरावांचं डावं शिंग सापडलं. शिंग मोडलं. मगरीचे दोन दातही मोडले. हैबतराव उरलेल्या शिंगानिशी अशा वेगाने पळाले, की त्यांच्या शिस्तीविषयी पुढे कुणी बोललं नाही. गणूची सासू जांभळीच्या शेंड्यावर जाऊन बसली आणि गणू न्यायला येईपर्यंत उतरायला तयार होईना. गणू आला. तिथे ती त्याला काय म्हणाली ते मुलांच्या गोष्टीत सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. हरणांची तक्रार आली, वानरांची आली. रानडुकरांमधून एकही तक्रार नव्हती. ती सगळी त्या दिवशी दगडी उताराला आरामात पाणी पिऊन आली होती. राजाने विचारलं, हे कसं? तेव्हा भागा पुढे झाली आणि तिने पोपट लपवल्याचं कबूल केलं. दंड होणार असं धरूनच ती आली होती.

सगुणाला राहवलं नाही. ती म्हणाली, ‘महाराज, दोष हिचा नाही. पण या पोपटाचंही कौतुक नको. याला कुणी नवं सांगितलेलं नाही. मगर हलली असती तरी हा हेच म्हणाला असता. आणि वरच्या पोपटाला जो शेवटी सांगेल त्याचं खरं. एक ऐकतच नाही, दुसरा कुणाचंही ऐकतो.’

हे बोलणं सगळ्यांना समजलं, आणि म्हणूनच ते राजाला फारसं वजनदार वाटलं नाही. त्याने तरसाकडे पाहिलं. तरस म्हणाला की आकडे स्पष्ट आहेत. लपवलेला पोपट असलेल्या ढोलीत अपघात शून्य.

झालं. भागाच्या पोपटाला सत्यवचनी असा किताब मिळाला. फतवा निघाला, की प्रत्येक ढोलीने सामायिक पोपट ठेवावा, शिवाय आत एक पोपट लपवावा, आणि त्याला रोज सकाळी एकच वाक्य फैलावर घेऊन शिकवावं. तरसाची बढती झाली. सत्यवचनी पोपटाचं दर्शन घ्यायला वडाखाली एवढी रांग लागली, की तीन दिवस नदीकडे कुणी फिरकलंच नाही. अपघात आणखी कमी झाले.

चौथ्या दिवशी, ऊन जरा कलल्यावर, भागा रांग सोडून निघाली आणि सरळ नदीवर आली. सगुणा अंड्यांवर बसली होती. भागा तिच्याजवळ रेतीत टेकली.

मग भागाने विचारलं, ‘अगं, आज कुठे आहे ती?’

‘सकाळीच दगडी उताराला गेली,’ सगुणा म्हणाली. ‘दात दुखताहेत तिचे. तू पी खुशाल.’

भागा जांभळीच्या उताराला उतरली, पोटभर पाणी प्यायली, आणि मग दोघी अंधार पडेपर्यंत गणूच्या सासूविषयी बोलत बसल्या.

तात्पर्य: ज्याला जिवंत राहायचं असेल त्याने टिटवीला विचारावं, आणि ज्याला बढती हवी असेल त्याने पोपट वाढवावे. दोन्ही हवं असेल त्याने पाणी टिटवीला विचारून प्यावं, आणि दरबारात पोपटाचे आभार मानावे.