तीन डॅक आणि एक घरघर

पत्र येऊन सात महिने झाले होते. निवृत्त मुद्रितशोधकांनी ते शब्दकोशात, 'उत्तर' हा शब्द असलेल्या पानात घालून ठेवलं होतं. म्हणजे विसरायला नको. रोज शब्दकोश उघडायचा, पत्र दिसायचं, आणि शब्दकोश मिटायचा.

पत्र त्यांच्या सर्व्हेअर मित्राचं होतं. त्याने हौसेने ॲम्प्लिफायर घेतला होता, स्पीकर घेतले होते. राहिला होता फक्त डॅक, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी. 'कानसेना,' त्याने लिहिलं होतं, 'तानसेन पुष्कळ भेटतात. कानसेन माझ्या ओळखीत तू एकच. कोणता घेऊ ते कळव, तोवर इथे सगळं मुकं आहे. आपल्या त्या मैफलीची टेप संगणकात उतरवून सोबतच्या पेनड्राइव्हवर पाठवतोय. मी अजून ऐकलेली नाही. तिच्यावरच पारखून सांग.'

ती बासरीची मैफल! टेप मित्रानेच केली होती. दोघांच्या खुर्च्यांच्या मध्ये टेपरेकॉर्डर, डावा माइक मुद्रितशोधकांकडे, उजवा मित्राकडे. तिच्यातल्या संथ भागाबद्दल दोघे तीस वर्षं बोलत आले होते.

"माझे डोळे आपोआप मिटले होते," हे म्हणत.

"माझेही," मित्र म्हणे.

कानसेन ही पदवी त्या संध्याकाळचीच. ती आपल्याला चुकून मिळाली असावी, अशी शंका मुद्रितशोधकांना अधूनमधून येई; पण परत कुठे करायची ते कळत नसे. आता एक डबी चुकीची सांगितली, की पदवीही गेली आणि मित्राचं समाधानही.

"अहो, तो बिचारा मुक्या स्पीकरांसमोर बसलाय," बायको म्हणाली. "एक डबी सांगायची, त्यात एवढं काय?"

"अगं, चुकीची सांगितली तर?"

"तरी आवाज येईल ना? आत्ता तोही येत नाहीये!"

शेवटी ते दुकानात गेले. दुकानदार भला होता. त्याने तीन डॅक काढून पुढे ठेवले. "काका, तिन्ही घरी न्या, निवांत ऐका, आवडेल तो ठेवा," म्हणाला.

पहिला डॅक साबणाच्या वडीएवढा होता. घरच्या संगणकाला आणि स्पीकरांना जोडल्यावर बासरी वाजली, पण मागे बारीक हिसहिस होती. दुसरा जेवणाच्या डब्याएवढा. हिसहिस गेली, आणि सभागृहातला पंखा ऐकू आला. तिसरा थेट शब्दकोशाएवढा होता आणि त्याची किंमत मुद्रितशोधकांनी मनातल्या मनातसुद्धा हळू आवाजात वाचली. तो लावला आणि बासरी समोरच्या खुर्चीत येऊन बसली. ते हरखून गेले. मग संथ भाग आला, आणि त्याच्याबरोबर आली घरघर.

घर्रर्र. थोडी शांतता. पुन्हा घर्रर्र.

त्यांनी दुकानदाराला फोन केला.

"त्या डॅकमध्ये घरघर? शक्यच नाही काका. तुमच्या घरात असेल. फ्रिज बंद करून बघा."

फ्रिज बंद केला. घरघर तशीच. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना वॉशिंग मशीन थांबवायची विनंती केली. फेसाने भरलेले हात घेऊन त्या, एवढं काय चाललंय ते बघायला खाली आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. घरघर तशीच. मग वायरमन आला. "अर्थिंग!" त्याने दारातूनच निदान केलं. बोर्ड उघडला, दोन तारा बदलल्या, पुन्हा टेप लावली आणि डोकं खाजवलं.

"गंमत आहे साहेब. श्वास घेतल्यासारखी येतेय."

तेवढ्यात बंद फ्रिजमधल्या बर्फाचं पाणी स्वयंपाकघरातून बाहेर निघालं आणि त्याच्या मागोमाग फडकं घेऊन बायको.

"काय शोधताय सगळे?"

"घरघर," मुद्रितशोधक म्हणाले.

तिने क्षणभर कान दिला. "ही होय? ही तर मी लग्न झाल्यापासून ऐकतेय!"

खोलीत बासरी आणि घरघर चालूच होती. शेजारीणबाई छताकडे बघू लागल्या. वायरमनने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. "मग हे काम माझ्यातलं नाही."

मुद्रितशोधकांचे कान, ज्यांच्यावर एवढी भिस्त होती, लाल झाले. तीस वर्षं ज्या भागाचं गुणगान केलं, तो आपण घोरत काढला होता! त्यांनी मुकाट्याने कागद ओढला आणि लिहिलं, 'साबणाच्या वडीएवढा घे. स्वस्त आणि मस्त.' त्या डबीत घोरणं ऐकू येत नव्हतं. मित्राला कधीच कळलं नसतं.

बायकोने खांद्यावरून वाचलं. "म्हणजे त्याला हिसहिस, आणि तुम्हाला पदवी?"

त्यांनी कागद फाडला. मनाचा हिय्या करून दुसरा घेतला आणि लिहिलं, 'सगळ्यात मोठा घे.' पुढे कबुली लिहायची होती. ती कशी लिहावी या विचारात पेन थबकलं.

"अहो, थांबा!" बायको दोन स्पीकरांच्या मधोमध उभी होती. "डावीकडची घरघर तुमची. मग उजवीकडे कोण घोरतंय?"

मुद्रितशोधक उजव्या स्पीकरजवळ वाकले. आवाज बारीक होता, आणि शेवटी एक छोटी शीळ. त्या बाजूच्या खुर्चीत सर्व्हेअर होता.

"बघा," शेजारीणबाई म्हणाल्या, "दोघं तालात आहेत अगदी!"

आता पेन अडलं नाही. 'संथ भाग आला की आधी डाव्या स्पीकरजवळ बस. तिथे मी झोपलोय. पोट धरून हसून झालं, की मग उजव्याजवळ जा. तुझा, कानसेन.' सहीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि सवयीप्रमाणे दुरुस्ती केली: 'अर्धा कानसेन. उरलेला अर्धा तू.'

"टाकून या आता," बायको म्हणाली. "आणि जाताना फ्रिज चालू करा."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पत्र सोडलं आणि ते पडल्याचा आवाज कान देऊन ऐकला. अगदी स्वच्छ होता.