वाटणी न होणारा मुस्यू

आठ अंडी आणली म्हणून एक परत दुकानात पाठवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. दुबईत, खाडीकाठच्या घरात, काही वर्षं त्याच्याकडे स्वयंपाकाला होतो.

"आठ बंटता है, इब्राहीम. सात लाओ."

नाव लांबलचक, फ्रान्सचं. आम्ही नुसतं मुस्यू म्हणायचो, त्यांच्यात साहेबाला म्हणतात तसं. साठ सालानंतरची गोष्ट; तेल शोधायला आलेल्या एका कंपनीत तो हिशेब करायचा, पण ते पोटासाठी. खरा जीव आकड्यांत. तेही सगळ्या नव्हे. सात, अकरा, तेरा, म्हणजे जे सारखे वाटता येत नाहीत तेवढेच. बाकीच्यांना म्हणायचा, "बंटता है? खलास, बेकार!"

फ्रान्सात मोठ्या कॉलेजात हेच शिकवायचा. वरच्या साहेबाशी भांडला, खुर्ची सोडली आणि इथं वाळूत येऊन पडला. मी चौथीतून उठलेला रत्नागिरीकडचा माणूस, पण मलाही कळतं की भांडायचं तर आधी दुसरी नोकरी बघून ठेवावी.

वैताग किती सांगू! ओळखीचा मासेवाला अकरा बांगड्यांवर एक प्रेमानं टाकायचा. मुस्यू तो मांजराला घालायचा. मी चिडून म्हटलं, "और दो बिल्ली आयी तो?" हा हसला नाही. विचार करत बसला. चहा गार झाला, मग मलाच पुन्हा करायला लावला. चपात्यांसाठी पीठ पसरलं की त्यात बोटानं आकडे लिहायचा. मी ओरडलो की म्हणे, "यल्ला यल्ला, हो गया, दो मिनिट!" आणि मी लाटणं घेऊन उभा.

या आकड्यांबद्दल एक गोष्ट सिद्ध करायची होती त्याला. अर्धं काम त्याचं, अर्धं पॅरिसला असलेल्या त्याच्या जुन्या विद्यार्थ्याचं. टपालानं कागद यायचे-जायचे. शेवटी जमलं म्हणे. कॉलेजानं जुनी खुर्ची परत देऊ केली आणि न्यायला तो विद्यार्थीच विमानानं आला. कोवळा पोरगा, उन्हानं लालबुंद. मुस्यूनं ट्रंक भरली. गाणं गुणगुणत भरली! मला म्हणाला, "इब्राहीम, वहाँ पेड़ हैं. बड़े बड़े पेड़."

निघायच्या दिवशी सकाळी दोघं शेवटचं म्हणून कागद वाचत बसले. मी कॉफी घेऊन गेलो, तर मुस्यूचं बोट एका ओळीवर थांबलेलं. पोरगा बोटाकडे बघतोय आणि तोंडाचा रंग उडालेला. मग तो रडायलाच लागला. मुस्यूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, टोपी घातली आणि तारघरात गेला.

दुपारी पोरगा एकटाच विमानाला गेला. ट्रंक दारातच.

"क्या हुआ?" मी विचारलं.

"गलती निकली. पूरा काम गिर गया. मैंने तार भेजा, गलती मेरी है."

"आपकी थी?"

"नहीं. उसकी."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो मुस्यू, खुर्ची गेली, झाडं गेली, आणि ते लेकरू तुमच्या नावावर पाप टाकून चाललं! तुम्ही माणूस आहात की काय आहात? रागात मराठीतच बोललो सगळं. कळलं असावं त्याला.

म्हणाला, "बूढ़ा गलती करे तो लोग बोलते हैं, उमर हो गयी. जवान करे तो बोलते हैं, इसको आता नहीं. फिर उसको कोई नहीं लेगा."

मी त्याचे शर्ट ट्रंकेतून काढून पुन्हा खुंटीला लावले आणि भात-कालवण वाढलं.

"बैठो," तो म्हणाला.

"मैं मालिक के साथ नहीं खाता." आयुष्यात कधी बसलो नव्हतो. ती माझी रीत.

त्यानं चमचा खाली ठेवला. मी उभा, तो बसलेला. अन्नावर माश्या घोंघावायला लागल्या. मी हट्टी खरा, पण हा माझ्यापेक्षा वस्ताद. शेवटी दुसरी थाळी आणली, समोर बसलो. पहिला घास घेतला आणि कळलं, कालवणात मीठच नाही. आमच्या हातून असं होत नाही. त्या दिवशी झालं.

मुस्यू खाली मान घालून शेवटपर्यंत जेवला.

"बहुत अच्छा बना है, इब्राहीम."

त्या दिवसातलं त्याचं हे दुसरं खोटं.