आदर्श वापरकर्ता, गिरीज

गिरीज गावात ॲलिस्टरच्या आळीत दर शुक्रवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा वीज नसते. ती जाते असं म्हणणं बरोबर नाही. तिला देखभालीसाठी विश्रांती दिली जाते. गेली चार वर्षं तिची इतकी देखभाल झाली आहे, की उरलेले सहा दिवसही ती दुखणेकऱ्यासारखी मध्येमध्ये डोळे मिटत असते. आळीने तक्रार करणं कधीच सोडून दिलं आहे. वाटण गुरुवारी रात्रीच करून ठेवायचं आणि केळीला पाणी शनिवारी सोडायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ॲलिस्टरला मात्र शुक्रवार परवडणारा नव्हता. तो मुंबईतल्या एका कंपनीत कामाला होता आणि गुरुवार-शुक्रवार घरून काम करायची त्याला मुभा होती. त्या दोन दिवसांवर सगळं घर उभं होतं. वडील गेल्यापासून केळीची आणि भाजीची वाडी त्याची आई मटिल्डा एकटी बघत होती, आणि गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. लेक दोन दिवस घरी असला की केळीचे घड उतरायचे, पंप सुरू व्हायचा, आई दुपारी जरा पाय पसरायची. पाचही दिवस मुंबईला जायची पाळी आली तर वाडी विकावी लागेल, हे दोघांनाही कळत होतं. ‘विकणे’ हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे.

अशात कंपनीने ‘अखंड उपस्थिती धोरण’ जाहीर केलं. घरून काम करताना तिमाहीत तीन ‘संपर्कभंग’ झाले, म्हणजे कार्यालयाशी जोडलेला संपर्क तीनदा तुटला, की मुभा रद्द. संपर्क का तुटला हे विचारण्याची तरतूद धोरणात नव्हती. ॲलिस्टरचा जुना लॅपटॉप विजेशिवाय पाऊण तास तग धरायचा.

“इन्व्हर्टर घे,” मटिल्डा म्हणाली. “शेजारच्या ज्युलीने घेतलाय. तिच्याकडे शुक्रवारी मिक्सरपण चालतो.”

“आई, इन्व्हर्टरचा जमाना गेला,” ॲलिस्टर म्हणाला. “आता बॅटरीचा जमाना आहे.”

हे ज्ञान त्याला त्याच्या मामेभावाकडून, बोळिंजच्या रिचर्डकडून मिळालं होतं. रिचर्डने सहा महिन्यांपूर्वी अतिशय पातळ, अतिशय महाग असा एक लॅपटॉप घेतला होता. खोक्यावरच लिहिलं होतं: बॅटरी अठरा तास. “खरंच चालते?” असं विचारल्यावर रिचर्ड सोफ्यावर मागे रेलला होता. “अठरा तास. आरामात. कधी कधी एकोणीस.” त्या वेळी रिचर्डचा लॅपटॉप भिंतीतल्या प्लगला लावलेला होता. त्याचं टेबलच तिथे आहे, अशी ॲलिस्टरने स्वतःची समजूत घातली.

तसाच लॅपटॉप ॲलिस्टरला सव्वा लाखाला पडला. आईला त्याने निम्मी किंमत सांगितली, तरी तिने क्रुसाची खूण केली. मग रिवाजाप्रमाणे तिने फादर बॅप्टिस्टना बोलावलं. या घरात स्कूटर, पंप, गॅसची शेगडी, सगळं आशीर्वाद घेऊनच कामाला लागलं होतं. लॅपटॉपने काय पाप केलं होतं? फादरनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं आणि चहा घेतला.

पहिल्या शुक्रवारी लॅपटॉप बारा वाजून दहा मिनिटांनी बंद पडला. म्हणजे अठरा तासांपैकी तीन तास दहा मिनिटं त्याने पाळले. संपर्कभंग क्रमांक एक.

ग्राहकसेवेला फोन लावल्यावर एका गोड आवाजाने त्याला धीर दिला. “सर, अठरा तास अगदी बरोबर आहे. फक्त स्क्रीनचा उजेड कमी ठेवा.” पुढच्या शुक्रवारी त्याने उजेड इतका कमी ठेवला, की समोरचं पत्रक त्याला अंदाजाने भरावं लागलं. लॅपटॉप एक वाजून पाच मिनिटांनी गेला. संपर्कभंग क्रमांक दोन. सोमवारी त्याची वरिष्ठ मीरा त्याला म्हणाली, “ॲलिस्टर, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. पण सिस्टीममध्ये तू आता पिवळा झालायस. अजून एक झाला की लाल. लाल झालं की माझ्या हातात काही नाही.” मीराच्या हातात आधीही काही नव्हतं, पण ही गोष्ट ती नेहमी ताजी बातमी असल्यासारखी सांगायची.

ॲलिस्टर एव्हरशाईन सिटीतल्या सेवाकेंद्रात गेला. तिथे चिराग नावाचा एक नम्र तरुण संगणकावर फॉर्म भरून घेत होता.

“सर, लिक्विड कॉन्टॅक्ट? पाणी, चहा वगैरे काही पडलं?”

ॲलिस्टर लहानपणी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरांच्या हाताखाली वेदीसेवक होता. खोटं बोलणं त्याला जड गेलं. “पवित्र पाणी,” तो म्हणाला. “दोन-तीन थेंब. आशीर्वादाचे.”

चिरागने पडद्यावर वर-खाली पाहिलं. “पवित्र ऑप्शन नाही सर. पाणी, चहा-कॉफी, सॉफ्ट ड्रिंक आणि इतर. मी ‘इतर’ टाकतो.”

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. ‘इतर’ टाकताच तक्रारीचं चौकशीत रूपांतर झालं आणि मुख्यालयातून पत्र आलं: सदर द्रवाचे स्वरूप, प्रमाण व उद्देश यांविषयी तो टाकणाऱ्याचा दाखला सादर करावा. फादर बॅप्टिस्टनी आजवर बाप्तिस्म्याचे, लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले दिले होते. थेंबांचा हा पहिलाच. त्यांनी चर्चच्या कागदावर लिहून दिलं, ‘सदर यंत्रावर मी पवित्र पाण्याचे तीन थेंब सद्हेतूने शिंपडले. पैकी दोन श्रीमती मटिल्डा यांच्या पदरावर पडले.’ खाली सही आणि शिक्का. आठवड्याने उत्तर आलं: ‘द्रव निरुपद्रवी असल्याचे मान्य करण्यात येत आहे. तथापि त्यापासून बॅटरीस काही लाभ झाल्याचेही आढळत नाही.’ फादरनी ते पत्र दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

या सगळ्यात तीन शुक्रवार गेले. तिन्हींना ॲलिस्टरने आजारपणाच्या रजा घेतल्या. आता रजाही संपल्या होत्या.

“गुड न्यूज, सर,” चिराग म्हणाला. “मशीन पास झालं. टेस्टमध्ये अठरा तास बारा मिनिटं चाललं.”

“टेस्ट कशी केलीत?”

“चालू करून ठेवून दिलं.”

“कुणी वापरलं नाही?”

चिरागला हा प्रश्न बालिश वाटला. “वापरलं तर टेस्ट कशी होणार, सर? बॅटरी उतरेल ना. मशीन ओके आहे. रिपोर्टमध्ये तुम्ही नापास आहात.”

खरंच तसं लिहिलं होतं. ‘दोषाचे स्थान’ या रकान्यात ‘वापरकर्ता’. पण कंपनी निर्दय नव्हती. नापास ग्राहकांसाठी तिने ‘सक्षम वापर प्रशिक्षण’ ठेवलं होतं, दोन दिवसांचं, विनामूल्य, आणि हजर न राहिल्यास हमी रद्द. ॲलिस्टर हजर राहिला. तिथे त्याला कंपनीच्या ‘आदर्श वापरकर्त्या’ची चित्रफीत दाखवली. हा गृहस्थ वीस अंश तापमानाच्या खोलीत बसून दर मिनिटाला एक अक्षर टाइप करत होता. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती, आणि कसलं कामही दिसत नव्हतं. प्रशिक्षणात शिकवलं, ते असं: उजेड किमान, आवाज बंद, कॅमेरा गरजेपुरता, इंटरनेट गरजेपुरतं, काम गरजेपुरतं. शेवटी परीक्षा झाली. ॲलिस्टरला सत्तर गुण मिळाले. दोनदा माउस हलवल्याबद्दल तीस कापले.

मग तो शुक्रवार उजाडला. चार वाजता मीराने तिमाहीची आढावा बैठक ठेवली होती आणि ॲलिस्टर पिवळा होता. ‘मी चारला येतो, तोवर एकट्याने करायचं काम उरकतो,’ असं त्याने आदल्या दिवशीच कळवून ठेवलं होतं. पंख्याविना घरात चौतीस अंश होते. यंत्राला गारवा हवा होता. म्हणून त्याने टेबल उचललं आणि वाडीतल्या बावखलाच्या काठावर, माडांच्या सावलीत मांडलं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आजवर तिथे केळीला पाणी मिळालं, म्हशी डुंबल्या, पोरं पोहायला शिकली. लॅपटॉप पहिल्यांदाच आला होता. मटिल्डा गुडघे सांभाळत स्टूल घेऊन शेजारी बसली आणि सुपाने वारा घालू लागली.

“मला नको,” ॲलिस्टर म्हणाला. “त्याला घाल.”

दिवसभर तो मिनिटाला एक अक्षर या गतीने बसून राहिला. मागे तीन घड पिकून फुटायला आले होते, पण उठायची त्याची हिंमत नव्हती. मटिल्डा एकदाच म्हणाली, “वाडीसाठी तू घरी राहतोस म्हणे,” आणि पुन्हा वारा घालू लागली. त्याला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यातही बॅटरी जाईल की काय, अशा बेताने त्याने ते वाटून घेतलं.

चार वाजता त्याने मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं, बैठकीत शिरला आणि बोलला. फार छान बोलला. वीज, वाडी, आईचे गुडघे, धोरणातली माणुसकी, असं सगळं मनातलं बोलून टाकलं. समोरून कुणी काही म्हटलं नाही, पण बैठकांमध्ये ते नेहमीचंच. मटिल्डाचे डोळे भरून आले. सहा वाजता वीज आली. त्याने उजेड वाढवला आणि बघतो तर बॅटरी एकाहत्तर टक्के! त्याखाली लिहिलं होतं: ‘इंटरनेट जोडलेले नाही.’ काळोख्या पडद्यावर त्याने भलतंच बटण दाबलं होतं. दोन तास तो बावखलातल्या बेडकांना आढावा देत होता. आपण लाल झालो, असं तो धरूनच चालला. रविवारी त्याने वाडीच्या सातबाऱ्याचा उतारा शोधून ठेवला.

सोमवारी मीराने बोलावलं. “अभिनंदन,” ती म्हणाली. “शुक्रवारी सगळ्या टीममध्ये झिरो संपर्कभंग फक्त तुझा. बाकी सगळ्यांचं कनेक्शन दोन-दोनदा तुटलं.”

“पण मी...” वेदीसेवक ॲलिस्टर बोलू लागला. जो संपर्क जुळलाच नाही तो तुटणार कसा, हे त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

“आणि मीटिंगमध्ये किती शांत होतास! कुणाला मध्येच तोडलं नाहीस. मी तुझं नाव ‘आदर्श दूरस्थ कर्मचारी’साठी पाठवलंय. मुभा कायम. दोनाचे तीन दिवस.”

तीन दिवस. ॲलिस्टरला वाडी दिसली, आईचे गुडघे दिसले. वेदीसेवक गप्प बसला.

संध्याकाळी चिरागचा फोन आला. लॅपटॉपने शुक्रवारचा हिशेब आपणहून मुख्यालयाला कळवला होता. नऊ तासांत फक्त एकोणतीस टक्के बॅटरी वापरणारा हा जिल्ह्यातला पहिलाच ग्राहक. मुख्यालय ‘आदर्श वापरकर्ता’ असं प्रमाणपत्र देणार होतं. फक्त पाच तारे आणि दोन ओळींचा अभिप्राय दिला की तक्रार बंद करता येणार होती. ॲलिस्टरने लिहिलं: ‘अप्रतिम. स्वतःचा अनुभव आहे.’ शब्दाशब्दाने ते खरं होतं. चार दिवसांत तीनशे बारा लोकांनी त्याखाली ‘उपयुक्त’ असं बटण दाबलं.

त्याच आठवड्यात त्याने गुपचूप इन्व्हर्टर आणला. लॅपटॉपच्या पाव किमतीत आला. जिन्याखाली ठेवून त्यावर पोतं टाकलं आणि पोत्यावर केळीचा घड ठेवला. आता लॅपटॉप शुक्रवारी दिवसभर चालतो, आणि मिक्सरही.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ज्युली त्याला भेटली. आत्याला भेटायला आलेला रिचर्डही शेजारीच होता. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक जाडजूड चार्जर बाहेर डोकावत होता. ज्युलीच्या मुलाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता.

“मुंबईला हॉस्टेलवर राहणार आहे तो. तुझा तो लॅपटॉप घ्यायचा म्हणतेय,” ती म्हणाली. “ॲलिस्टर, खरं सांग हां. पोराच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. किती चालतो?”

ॲलिस्टरने रिचर्डकडे पाहिलं. रिचर्डने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. दोघांना एका क्षणात एकमेकांचं सगळं कळलं. खरं सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण खरं सांगायचं म्हणजे सव्वा लाखाला आपण फसलो हे चारचौघांत, तेही मामेभावासमोर कबूल करायचं.

“अठरा तास,” ॲलिस्टर म्हणाला. “आरामात.”

“कधी कधी एकोणीस,” रिचर्ड म्हणाला.

घरी जाताना मटिल्डा एवढंच म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” लॅपटॉपची खरी किंमत तिला कुणी सांगितली, हे ॲलिस्टरला अजून कळलेलं नाही.

त्याला हसायचं असेल तर अवश्य हसा. मात्र आधी आपल्या घरातल्या त्या वस्तूकडे एकदा बघा: कपडे वाळत घालायला वापरलं जाणारं व्यायामाचं यंत्र असेल, घरघर करणारा एसी असेल, नाहीतर गाडी असेल. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं, तेही आठवा. ज्युली बाई सावध आहे, दोघांच्या शब्दावर ती पैसे टाकणार नाही. तिला आणखी एका भरवशाच्या माणसाचं मत हवं होतं. कुणीतरी तिला तुमचा नंबर दिला आहे.